ऑर्गन म्हणजे पायपेटी नव्हे : एका विस्मृत त्रयीच्या दोन श्रवणसभा

हे प्रकरण आमच्या श्रवण मंडळातलं. शहर, मंडळ आणि माणसं यांची नावं गाळली आहेत. कलाकारांची नावं मात्र खरी ठेवली आहेत, कारण खटाटोप त्यांच्याचसाठी होता. एकाच विषयावर चार महिन्यांच्या अंतरानं आम्ही दोन सभा घेतल्या. पहिली सपशेल पडली, दुसरी बऱ्यापैकी उभी राहिली. मी मंडळाचा कार्यवाह, त्यामुळे पहिल्या सभेचं खापर बहुतांशी माझ्याच डोक्यावर आहे, ते आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

आमचं मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरतं. तीस-चाळीस माणसं येतात, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. नाट्यसंगीत, ख्याल, ठुमरी, जुन्या मराठी भावगीतांच्या तबकड्या हा नेहमीचा शिधा. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी कुणीतरी हौसेनं परदेशी काहीतरी आणतं. लोक सौजन्यानं ऐकतात आणि मग चहा पितात.

आमचे एक ज्येष्ठ सदस्य आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात. खरे मामा ते आमच्या खजिनदाराचे. विजेच्या मोटरींचे इंजिनिअर, १९६६ ते १९७३ नोकरीनिमित्त मँचेस्टरला होते. दोन वर्षांपूर्वी ते मुलीकडे राहायला निघाले तेव्हा साठेक एलपी मंडळाला देऊन गेले. त्यांतल्या तीन तबकड्या 'द पेडलर्स' नावाच्या मंडळींच्या होत्या. हे नाव आमच्यापैकी कुणीही ऐकलेलं नव्हतं. दोन कव्हरांवर पावसाळ्यानं पांढरी बुरशी धरली होती. तिसऱ्यावर बॉलपेननं मामांचं आडनाव आणि १९६८ साल.

पेडलर्स म्हणजे तीन माणसं. रॉय फिलिप्स हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारा ऑर्गन, वाजवायचा आणि गायचा. टॅब मार्टिनकडे बास गिटार, ट्रेव्हर मोराइसकडे ड्रम. हे तिघं १९६४ मध्ये मँचेस्टरला एकत्र आले. मोराइस लिव्हरपूलच्या बीट बँडांमधून आलेला, म्हणजे बीटल्स ज्या गल्लीत वाढले त्याच गल्लीतला. त्यांची पहिली गाजलेली तबकडी 'लेट द सनशाइन इन' जानेवारी १९६५ मध्ये खपाच्या ब्रिटिश यादीत आली, ती पन्नासाव्या क्रमांकावर, आणि तिथूनच उतरली. ('हेअर' नाटकातलं त्याच नावाचं प्रसिद्ध गाणं हे नव्हे; ते नंतरचं.) गंमत म्हणजे त्याच महिन्यात दुसरा एक ऑर्गनवाला गायक, जॉर्जी फेम, 'ये ये' घेऊन पहिल्या क्रमांकावर बसला होता. म्हणजे ऑर्गनवरचं जॅझच्या अंगाचं पॉप लोकांना नको होतं असं मुळीच नाही.

पुढे पेडलर्स लंडनच्या पिकविक क्लबात वाजवत राहिले, आणि तिथलीच 'लाइव्ह ॲट द पिकविक' ही एलपी १९६७ मध्ये निघाली. मग फिलिप्स ही रेकॉर्ड कंपनी सोडून ते सीबीएस या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि १९६८ मध्ये 'फ्रीव्हीलर्स' आली. १९६९ मध्ये 'बर्थ' हे गाणं १७ व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. त्यांचं यादीतलं सर्वांत मोठं यश तेच. १९७० च्या 'गर्ली'ची मजल ३४ पर्यंत. त्यानंतर पुन्हा फिलिप्स कंपनी, आणि १९७२ मध्ये थेट लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर केलेली 'स्वीट लंडन'. मग पांगापांग. रॉय फिलिप्स न्यूझीलंडला स्थायिक झाला. मोराइसनं पुढे दक्षिण स्पेनमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. ब्योर्क या आइसलंडच्या गायिकेनं १९९७ चा 'होमोजेनिक' हा अल्बम तिथे ध्वनिमुद्रित केला. म्हणजे वादकाचं नाव गेलं, पण त्याच्या घराच्या भिंतींनी नवं संगीत ऐकलं.

मामांच्या तीन तबकड्या म्हणजे 'पिकविक', 'फ्रीव्हीलर्स' आणि 'स्वीट लंडन'.

अडचण

खजिनदार उत्साहानं म्हणाला, "मामाच्या नावानं एक सभा घेऊ. हरवलेली माणसं पुन्हा शोधायची." मी हो म्हटलं आणि कामाला लागलो. पहिली चूक इथेच झाली. 'पुन्हा शोधणं' हा शब्द डोक्यात बसला की माणूस शोधलेल्या वस्तूचं मोल वाढवून सांगायला लागतो. मीही तेच केलं.

निमंत्रणात लिहिलं, 'ब्रिटिश जॅझचा विस्मृत ठेवा', खाली ऑर्गनचा उल्लेख. सुरुवातीला मी पंचवीस मिनिटं बोललो. मग पहिलीच तबकडी लावली 'स्वीट लंडन'. कारण काय, तर रेकॉर्ड जमवणाऱ्या मंडळींत तिला मान आहे, तिची जुनी प्रत महागात जाते, आणि सोबत एवढा मोठा ऑर्केस्ट्रा आहे. वाटलं, भारदस्त वस्तू आधी दाखवावी. भिंतीवर लंडनचं चित्रही टांगलं होतं.

दहा मिनिटांत खुर्च्या कुरकुरायला लागल्या. एक काका शेजाऱ्याला म्हणाले ते मला पुढे ऐकू आलं: "पिक्चरचं पार्श्वसंगीत दिसतंय. पिक्चर कुठाय?" त्यात दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला सुई एका चरीत अडकली आणि तोच तुकडा सात-आठ वेळा फिरला. मी धावत जाऊन हात लावेपर्यंत लोक हसायला लागले होते. मध्यंतरात जी मंडळी चहाला गेली त्यांतली निम्मी परत आली नाहीत.

सभा संपल्यावर आमच्या ताई माझ्याकडे आल्या. त्या नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करतात, तेही चाळीस वर्षं. त्यांनी विचारलं ते जसंच्या तसं देतो: "निमंत्रणात तुम्ही ऑर्गन लिहिलंत म्हणून मी आले. ऑर्गन कुठे होता?"

ऑर्गन तर सबंध तास वाजत होता. तो त्यांना ऑर्गन म्हणून ऐकूच आला नव्हता, कारण मराठी माणसाच्या कानात ऑर्गन म्हणजे पायपेटी. रंगमंचासमोर बसून दोन्ही पायांनी भाता मारणारा, गायकाच्या तानेला मागून टेकू देणारा. या शब्दाखाली आमच्या श्रोत्यांच्या मनात काय चित्र आहे, याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. जॅझ या शब्दाचंही तेच. जॅझ म्हटल्यावर लोक ट्रम्पेटची वाट बघत बसले होते.

समोरचे पर्याय

पुढच्या बैठकीत चौघं बसलो : मी, खजिनदार, ताई आणि वकिली करणारे एक सदस्य.

पहिला पर्याय विषय सोडून देण्याचा. तो गंभीरपणे चर्चेला आला. "मंडळ आपलं आहे, कुणावर उपकार करायला नाही," असं वकील म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. न आवडलेलं संगीत पुन्हा ऐकवणं ही एक प्रकारची जबरदस्तीच. पण ताईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. लोकांना ते आवडलं नाही असं मला वाटेना; त्यांच्यापर्यंत ते पोहोचलंच नव्हतं.

दुसरा पर्याय होता लेबल बदलण्याचा. जॅझ काढून 'साठच्या दशकातलं पॉप' लिहायचं. यावर बराच खल झाला, कारण पेडलर्स विसरले गेले त्याचं मूळच, माझ्या मते, इथे आहे. जॅझवाल्यांना ते फार गुळगुळीत; कोट-टाय घालून जेवणाऱ्या लोकांपुढे लोकप्रिय गाणी गाणारे. पॉपवाल्यांना फार वयस्क. ना केस वाढवलेले, ना गिटार फोडलेली. गाणीही पुष्कळशी इतरांची. 'कमिंग होम बेबी' मेल टॉर्मे या अमेरिकन गायकानं १९६२ मध्येच गाजवलेलं, 'ऑन अ क्लिअर डे' ब्रॉडवेच्या नाटकातलं. त्यात रेकॉर्ड दोन कंपन्यांत विभागलेल्या, त्यामुळे सबंध काम एका ठिकाणी मांडायचं कुणा एकाचं काम नव्हतं. ज्या माणसाचा कप्पा ठरत नाही त्याची फाइल हरवते, हे सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तेव्हा मी जॅझच्या कप्प्यातून काढून पॉपच्या कप्प्यात टाकलं असतं, तरी चूक तीच राहिली असती.

तिसरा पर्याय खजिनदाराचा. एका ऑर्केस्ट्रातले वादक बोलवायचे आणि तीन-चार गाणी प्रत्यक्ष वाजवून घ्यायची. खर्च झेपण्यासारखा होता. पण लग्नाच्या ऑर्केस्ट्रानं दोन तालमींत बसवलेलं पेडलर्स ऐकून लोक पेडलर्सबद्दल मत बनवणार, हे मला पटेना.

चौथा पर्याय ताईंचा, आणि तो त्यांनी काहीसा चिडूनच मांडला. "आधी मला ते वाद्य दाखवा. मग त्यावर कोण काय वाजवतो ते बघू."

खरा हॅमंड आणायचा तर प्रश्नच मिटला. पूर्ण सरंजामासह त्याचं वजन सुमारे १९० किलो, आणि आमच्या ओळखीत कुणाकडे तो नाही. पण एका ऑर्केस्ट्रातल्या तरुण कीबोर्डवाल्याकडे ड्रॉबारवाला, म्हणजे आवाजाचा पोत बदलायला ओढायच्या खुंट्या असलेला, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होता. हॅमंडची नक्कल करणारा, नकली फिरत्या स्पीकरसकट. आणि ताईंच्या घरी पायपेटी होतीच. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या असं ठरलं.

याच बैठकीत आणखी दोन गोष्टींचा निर्णय करायचा होता. एक मामांच्या आठवणीचा. त्यांचं म्हणणं, त्यांनी १९६८ च्या सुमारास पेडलर्सना एका कॅबरे क्लबात प्रत्यक्ष ऐकलं होतं. क्लबाचं नाव आठवत नाही, तारीख नाही, तिकीट नाही. खजिनदाराला ते निमंत्रणात छापायचं होतं : 'पेडलर्सना प्रत्यक्ष ऐकलेले'. वकिलांनी हात वर केले. मग मधला मार्ग काढला. निमंत्रणात काही लिहायचं नाही. मामांनी सभेत स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आठवण म्हणून. छापलं की तो दावा होतो, सांगितलं की गोष्ट.

दुसरी गोष्ट हक्कांची. नफा न कमावणाऱ्या क्लबानं किंवा तशा संस्थेनं आपल्या कार्यक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे. मात्र खजिनदाराला सभेचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा होता. तिथे ही सूट लागू होत नाही, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९६७ ची तबकडी त्यात अजून मोडते. व्हिडिओ रद्द. खजिनदार दोन दिवस रुसला होता.

काय केलं

तबकड्या आधी धुतल्या. डिस्टिल्ड वॉटर, मऊ सुती कापड, आणि चरीच्या दिशेनं हात. आडवा घासला तर गेलंच. 'पिकविक' छान निघाली. 'स्वीट लंडन'चा ओरखडा तसाच राहिला, म्हणून ती यादीतून काढली. काढल्याचं मला वाईट वाटलं, पण ओरखड्यापेक्षाही मोठं कारण होतं: पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला घराचा दिवाणखाना दाखवायचा, की आधी उंबऱ्यावर उभं राहून दोन शब्द बोलायचे? मामांच्या संग्रहात नसलेली गाणी स्ट्रीमिंगवरून घेतली. आमच्यातल्या तबकडीच्या कट्टर भक्तांना ते आवडलं नाही.

मामांना मुलीकडून आणलं. ते बोलायला उभे राहतील एवढीच आमची अपेक्षा. त्यांनी आल्या आल्या खडू मागितला.

चित्रकलेच्या वर्गाच्या फळ्यावर त्यांनी एक चाक काढलं, त्याच्या काठाला उंचवटे, आणि शेजारी तारेचं वेटोळं गुंडाळलेला लोहचुंबक. "हे चाक मोटरीवर फिरतं. उंचवटा चुंबकाजवळून गेला की तारेत वीज थोडी हलते. सेकंदाला जेवढे उंचवटे, तेवढी हलते. तोच सूर. अशी एक्याण्णव चाकं आत आहेत. हवा नाही, थरथरणारी पट्टी नाही, छेडायची तार नाही. एका घड्याळवाल्याचं डोकं हे." लॉरेन्स हॅमंड खरोखरच विजेची घड्याळं बनवायचा. विजेच्या फ्रीक्वेन्सीबरहुकूम फिरणारी जी सिंक्रोनस मोटर घड्याळाचे काटे बरोबर ठेवते तिनंच त्यानं सूर बरोबर ठेवला, आणि १९३५ मध्ये ऑर्गन बाजारात आणला.

मागून प्रश्न आला, "म्हणजे व्होल्टेज उतरलं की सूर उतरणार?"

मामा खुलले. "व्होल्टेजनं नाही, फ्रीक्वेन्सीनं. अमेरिकेत साठ, आपल्याकडे आणि विलायतेत पन्नास. अमेरिकेचा ऑर्गन तसाच इथे लावलात तर काळी पाचचा सूर पांढरी पाचच्याही किंचित खाली येईल. म्हणून बाहेर पाठवताना आतली मांडणी बदलून द्यावी लागायची."

वर्ग जागा झाला. नाट्यसंगीत ऐकणाऱ्या माणसाला पेटीवरची काळी पाच म्हटल्यावर लगेच कळतं. मी पंचवीस मिनिटं जे जॅझच्या इतिहासातून सांगू पाहत होतो ते मामांनी फळ्यावरच्या एका चाकात सांगितलं.

मग ताईंनी पायपेटीवर नांदीची एक ओळ वाजवली. लगेच कीबोर्डवाल्यानं तीच ओळ हॅमंडच्या आवाजात. पहिल्यांदा सगळे ड्रॉबार आत, एकच बाहेर : बासरीसारखा गोल, पोकळ सूर. मग एकेक बाहेर ओढत गेला आणि सूर रुंदावत, धारदार होत गेला. ताई खुर्ची सरकवून जवळ गेल्या. "आमच्याकडेही खुंट्या ओढायच्या असतात," त्या म्हणाल्या. "पण आमच्या खुंटीला हो किंवा नाही एवढंच. ही तर थोडं थोडं ओढता येते." नऊ ड्रॉबार, प्रत्येकाला आठ पायऱ्या. त्यांनी एक स्वतः ओढून पाहिला, परत ढकलला, पुन्हा ओढला.

पुढचं निरीक्षणही त्यांचंच. पायपेटीत पाय हवा देतो, म्हणून सूर पायाच्या जोरावर फुगतो. हॅमंडमध्ये हवा नाही, तरी उजवा पाय एका पेडलवर असतोच, आवाज फुगवायला आणि दाबायला. "म्हणजे श्वास शेवटी पायातच." जिमी स्मिथसारखे अमेरिकन ऑर्गनवाले डाव्या हातानं आणि पायानं खर्जही स्वतःच सांभाळत, बासवाला सहसा ठेवत नसत. पेडलर्सनी ठेवला. माझा कयास असा की फिलिप्सला गायचं होतं, आणि गाताना खर्जाचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर असणं बरं. तबकडी ऐकताना हे कळतं; आवाजाच्या दोन ओळींच्या मध्ये ऑर्गन उडी मारून येतो, टोमणा मारतो आणि मागे सरतो, तेवढ्यात बास वाट धरून ठेवतो.

शेवटी कीबोर्डवाल्यानं फिरत्या स्पीकरचं बटण दाबलं. खऱ्या लेस्ली स्पीकरात कर्णा आणि ढोलासारखा भाग प्रत्यक्ष फिरतात. इथे ती नुसती नक्कल होती. तरी सूर संथ डोलता डोलता भराभर थरथरायला लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजींनी साडीचा पदर तोंडाला लावला. त्या नंतर म्हणाल्या, अंगावर काटा आला होता.

आता कुठे तबकडी लावली. आधी 'पिकविक'मधला एक तुकडा, मग 'कमिंग होम बेबी', मग 'ऑन अ क्लिअर डे', शेवटी 'बर्थ'. प्रत्येकाआधी मी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललो नाही. तसा दमच होता मला. ताईंनी माझ्या वहीवर पेन्सिलनं 'दोन वाक्यं' असं लिहून ठेवलं होतं.

काय झालं

अडतीस माणसं होती, त्यांतली पस्तीस शेवटपर्यंत बसली. 'कमिंग होम बेबी'ला मागच्या रांगेत कुणीतरी बाकावर ठेका धरला. फिलिप्सचा आवाज मात्र सगळ्यांना पचला नाही. दाटलेला, खरखरीत, शब्द चावून चावून बाहेर टाकणारा. "घसा बसलाय का याचा?" असं एका काकांनी विचारलंच. 'बर्थ' लोकांना सर्वांत जास्त आवडेल अशी माझी खात्री होती, कारण यादीत तेच वर गेलेलं. ते सर्वांत थंड गेलं. 'ऑन अ क्लिअर डे' पुन्हा लावायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना लोक ऑर्गनकडे कान लावून होते. कोण कुठे ड्रॉबार ओढतोय हे ओळखायचा खेळच सुरू झाला. निम्मे अंदाज चुकीचे असणार, बिघडलं कुठे?

मग जे झालं ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. पहिल्या सभेला 'पिक्चर कुठाय' विचारणारे काका उठले. म्हणाले, "वाजवतात चांगलं. पण हे हॉटेलातलं संगीत आहे."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. प्रतिवाद तयार होता : लंडन फिलहार्मोनिकबरोबर वाजवलेली माणसं, वगैरे. मामांनी हातानं मला थांबवलं.

"हॉटेलातलंच होतं ते," मामा म्हणाले. "टेबलावर टोपलीतली कोंबडी यायची. हाडं चघळत लोक बडबडायचे. आम्ही चौघं भारतीय एका कोपऱ्यात, सगळ्यांत स्वस्त टेबल. आणि हे तिघं वाजवायला लागले की हळूहळू काट्या-चमच्यांचा आवाज कमी व्हायचा. आमच्याशी बोलायला कुणी यायचं नाही, पण त्या तासाभरात सगळी खोली एकाच बाजूला बघायची."

त्यावर काका काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी 'पिकविक'चं कव्हर हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. 'हॉटेलातलं' हा शब्द त्यांच्याकडून टीका म्हणून आला आणि मामांनी तो वर्णन म्हणून परत दिला, एवढंच झालं. माझ्या दृष्टीनं दोन्ही सभांमधलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य. मी पहिल्या सभेत जे लपवायचा आटापिटा केला, ऑर्केस्ट्रा पुढे करून, भारदस्त शब्द वापरून, तीच या मंडळींची जात होती. जेवणाऱ्या खोलीला जेवण विसरायला लावणं. ते कौशल्य मैफलीतल्या कौशल्यापेक्षा हलकं आहे असं मला आता वाटत नाही. आमचे कितीतरी मोठे गायकही गप्पा मारणाऱ्या लग्नमंडपांत गायलेले आहेत.

पुढच्या दोन महिन्यांत तिघा सदस्यांनी स्वतःहून जॉर्जी फेम आणि अमेरिकन ऑर्गनवाला बुकर टी. ऐकल्याचं सांगितलं. कीबोर्डवाला पोरगा आता अधूनमधून सभेला येतो, नाट्यसंगीताच्याही. ताईंनी त्याला पायपेटीवर बसवलं तेव्हा पाच मिनिटांत त्याच्या पोटऱ्या भरून आल्या.

पुन्हा केलं तर

निर्णयाच्या जागा मागे वळून पाहिल्या तर पहिली सभा निमंत्रणातच पडली होती. 'ब्रिटिश जॅझचा विस्मृत ठेवा' या चार शब्दांतला एकही शब्द श्रोत्याच्या ओळखीचा नव्हता, आणि 'ठेवा' या शब्दानं अपेक्षा वर नेऊन ठेवली. आज मी नुसतं लिहीन : 'मामांच्या तीन तबकड्या'.

जाणकारांत मान असलेली वस्तू प्रवेशद्वारावर ठेवायची नाही, हे दुसरं. 'स्वीट लंडन' चांगली आहे, पण तिचा आनंद पिकविकमधले तिघं ओळखीचे झाल्यावरचा आहे. छोट्या खोलीत तिघांनी एवढा आवाज भरलेला ऐकलेला असेल तरच मागे सबंध ऑर्केस्ट्रा उभा राहिल्याचा अर्थ लागतो.

व्हिडिओ न टाकण्याचा निर्णय बरोबरच होता, पण त्या भरात आम्ही मामांचं बोलणंही ध्वनिमुद्रित केलं नाही. त्याला कुणाचीच हरकत नव्हती. संगीत वगळून नुसतं बोलणं सहज ठेवता आलं असतं. फळ्यावरचं चाकही सोमवारी शाळेच्या शिपायानं पुसलं. माझ्याकडे त्याचा एक मोबाइलवरचा फोटो आहे, त्यात मामांचा अर्धा हात आणि खडू.

वाद्यांची जोडी आणखी ताणता आली असती. पायपेटी आणि हॅमंड, दोन्हींवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. मग गायकाच्या जवळ जायला दोन्हीकडचे वादक काय काय युक्त्या करतात, हा अख्ख्या सभेचा विषय आहे. ताई तयार आहेत. त्यांची अट एकच, बोलणाऱ्यानं दोन वाक्यांत आटपायचं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गेल्या आठवड्यात मामांचा मुलीकडून फोन आला. "ते पिकविकवालं जरा परत पाठव. जावयाला ऐकवायचंय." मंडळाच्या रजिस्टरात ती तबकडी 'भेट' म्हणून नोंदलेली, अनुक्रमांकासकट, आणि भेट आलेली वस्तू बाहेर द्यायची नाही असा ठराव आहे, माझ्याच सहीचा. खजिनदार म्हणतो, द्यायची. वकील म्हणतात, आधी ठराव बदला. मी नोंदीसमोर पेन्सिलनं 'मामांकडून येणे' असं लिहून तबकडी कुरिअरवाल्याकडे दिली आहे.